दुसऱ्या गावातला इंटर्न ठेवताय? आधी काम कागदावर उतरवा



मागच्या व्हिडिओत मी म्हटलं होतं की छोट्या धंद्यालासुद्धा इंटर्न ठेवता येतो, आणि तो तुमच्याच गावातला असायला पाहिजे असं काही नाही. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "सर, पोरगं समोर नसताना त्याच्याकडून काम कसं करून घ्यायचं?"

प्रश्न रास्त आहे. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितो. सुरुवात माझ्याच फजितीपासून करू.

माझी पहिली इंटर्न आणि माझी चूक

काही वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा ऑनलाइन इंटर्न घेतली. लातूर जिल्ह्यातली मुलगी, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. मी पुण्यात. तिला सांगितलं, "आपलं सोशल मीडिया तू बघ." पहिल्या दिवशी तासभर फोनवर बोललो. दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या कार्यशाळांमध्ये अडकलो.

रोज सकाळी तिचा मेसेज यायचा, "सर, आज काय करू?" मी दुपारी कधीतरी उत्तर द्यायचो, "कालचंच पुढे ने." तिने अकरा पोस्ट बनवून पाठवल्या. मला एकही आवडली नाही. पण का आवडली नाही, हे मी तिला सांगितलं नाही. तिसऱ्या आठवड्यात मेसेज बंद झाले. मी चारचौघांत म्हणून मोकळा झालो की आजकालच्या पोरांना चिकाटीच नाही.

चारेक महिन्यांनी तिचा मेसेज आला. कॉलेजला दाखवायला प्रमाणपत्र मिळेल का, असं विचारलं होतं. खाली लिहिलं होतं, "सर, मला नक्की काय करायचं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण मी रोज दहा वाजता फोन घेऊन बसत होते."

तो मेसेज मी आजही पुसलेला नाही. पुण्याला येऊन खोलीचं भाडं भरणं तिच्या घरच्यांना परवडणारं नव्हतं. घरी बसून मिळालेली ती तिची पहिलीच संधी होती, आणि ती मी वाया घालवली. चिकाटी तिच्यात होती. तयारी माझी नव्हती.

अडचण अंतराची नसते

दुकानात नवीन पोरगा ठेवला की तुम्ही त्याला फारसं काही शिकवत नाही. तो बघून शिकतो. तुम्ही गिऱ्हाईकाशी कसं बोलता, उधारी कुणाला देता, कुणाला नाही म्हणता, पार्सल कसं बांधता, हे सगळं तो काउंटरच्या कोपऱ्यात उभा राहून टिपत असतो. चुकला तर तुम्ही तिथल्या तिथे टोकता. महिनाभरात तयार होतो.

आता तोच पोरगा नांदेडला बसलाय आणि तुम्ही नाशिकला. त्याला तुमचं काउंटर दिसत नाही, गिऱ्हाईक दिसत नाही आणि तुमच्या कपाळावरची आठीही दिसत नाही. म्हणजे तुमच्या डोक्यात जे आहे ते तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळणार नाही. काम कागदावर उतरलं नसेल, तर ऑनलाइन इंटर्नशिप पहिल्याच आठवड्यात लंगडी होते. मग कितीही व्हिडिओ कॉल करा.

हे आधी कुणी जमवलंय का?

जमवलंय, आणि करोनाच्या कितीतरी आधी. गूगलचा 'समर ऑफ कोड' हा कार्यक्रम २००५ पासून चालतो. जगभरातले नवशिके घरी बसून मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थांसाठी काम करतात. मार्गदर्शक एका देशात, शिकणारा दुसऱ्या देशात. सुरुवातीला तो फक्त विद्यार्थ्यांसाठी होता, २०२२ पासून इतर नवशिक्यांनाही खुला झाला. भारतातून तर दरवर्षी खूप मुलं त्यात असतात.

त्यांची पद्धत बघा. संस्था आधी कामांची यादी जाहीर करते. उमेदवार त्यातलं एक काम निवडून, ते कसं करणार हे लिहून देतो. निवड झाली की लगेच कामाला जुंपत नाहीत. आधी ओळखीपाळखीचा काळ असतो. प्रत्येकाला ठरलेला मार्गदर्शक असतो. मध्यावर एक तपासणी, शेवटी एक तपासणी, आणि तपासणी पार केली की मानधन.

'आउटरीची' नावाचा असाच दुसरा कार्यक्रम आहे. तीन महिन्यांचा, पूर्ण ऑनलाइन, मानधनासह. ज्यांना या क्षेत्रात सहसा शिरकाव मिळत नाही अशांसाठी तो चालवतात. तिथे निवडीच्या आधी उमेदवाराला खऱ्या प्रकल्पात छोटं काम करून दाखवावं लागतं.

तिसरं उदाहरण २०२० चं. करोनामुळे मोठमोठ्या कंपन्यांच्या इंटर्नशिप रातोरात ऑनलाइन गेल्या. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या बोजिनोव्ह, चौधरी आणि लेन या तीन संशोधकांनी त्या उन्हाळ्यात एका बड्या कंपनीत प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काही इंटर्न निवडून त्यांची वरिष्ठ अधिकाऱ्यांशी व्हिडिओवर अनौपचारिक गप्पांची वेळ ठरवली. ज्यांना ती संधी मिळाली त्यांच्या कामाला चांगले गुण मिळाले आणि त्यांना कायमची नोकरी देऊ केली जाण्याचं प्रमाणही जास्त निघालं.

तुमच्याकडे वरिष्ठ अधिकारी कोण? तुम्हीच. म्हणजे इंटर्नशी तुम्ही स्वतः बोलणं हा कामाचाच भाग आहे.

आता हे सगळं आपल्या मापात बसवू.

१. एकच काम द्या, आणि त्याचा शेवट ठरवा

"मार्केटिंग बघ", "ऑनलाइनचं सांभाळ" हे काम नाही. याला शेवट नाही, त्यामुळे झालं की नाही हे कुणालाच कळत नाही.

आमच्या बॅचमधल्या एक ताई सोलापूरला शेंगाचटणी, कडक भाकरी वगैरे बनवून विकतात. त्यांनी इंटर्नला दिलेलं काम असं होतं: आठ आठवड्यांत आपल्या सगळ्या १४ वस्तू व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगवर चढवायच्या. प्रत्येक वस्तूचा फोटो, वजन, भाव, किती दिवस टिकते आणि दोन ओळींची माहिती. शिवाय गिऱ्हाईक नेहमी विचारतात त्या २० प्रश्नांची मराठी आणि हिंदी उत्तरं.

शेवटच्या दिवशी १४ वस्तू मोजता आल्या. वाद नाही, रुसवा नाही.

दुरून चांगली होणारी कामं कोणती? कॅटलॉग बनवणं, गूगलवरची दुकानाची माहिती आणि फोटो नीट करणं, जुनी बिलं शीटमध्ये चढवणं, जुन्या ३०-४० गिऱ्हाइकांना फोन करून त्यांचं म्हणणं टिपणं, आपल्यासारख्या इतर विक्रेत्यांच्या भावांचा तक्ता करणं. रोकड, मालाचा दर्जा, पुरवठादाराशी घासाघीस ही कामं दुरून देऊ नका. ती तुमचीच.

२. एक पानाचा कागद

इंटर्न शोधण्याआधी हा कागद लिहा. यात एवढंच हवं:

- आपला धंदा काय, गिऱ्हाईक कोण (चार ओळी)
- काम काय आणि शेवटी हातात काय हवं
- किती आठवडे, आठवड्याला किती तास
- कुणाला विचारायचं, आणि कोणत्या वेळेत
- मानधन किती आणि कोणत्या तारखेला
- इंटर्न यातून काय शिकेल

शेवटच्या मुद्द्यावर पेन अडला तर थांबा. याचा अर्थ तुम्हाला इंटर्न नको आहे, स्वस्तातला कामगार हवा आहे. तसं असेल तर सरळ अर्धवेळ माणूस ठेवा आणि त्याला त्याचा पगार द्या.

या कागदाचा एक फायदा आधी लक्षात येत नाही. सोलापूरच्या ताई भाव लिहायला बसल्या तेव्हा कळलं की पाव किलोच्या पाकिटाचा भाव त्या एक सांगतात आणि त्यांचे मिस्टर दुसराच. इंटर्न यायच्या आधीच धंद्यातली एक गळती सापडली!

तासांचं गणित सोपं आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिपला क्रेडिट मिळतात आणि एका क्रेडिटला ३० तास धरतात. चार क्रेडिट असतील तर १२० तास. आठवड्याला १५ तास धरले तर आठ आठवड्यांत १२० तास भरतात. मात्र ऑनलाइन काम चालेल का, हजेरीचा कोणता फॉर्म लागेल, हे इंटर्नला त्याच्या कॉलेजात आधीच विचारायला सांगा. शेवटी धावपळ नको.

३. मुलाखत कमी, छोटं काम जास्त

फोनवर गोड बोलणारा काम करेलच असं नाही, आणि फोनवर चाचरणारी मुलगी कामाला वाघीण असू शकते. म्हणून आउटरीचीसारखं करा. दोन-तीन जणांना दोन तासांचं छोटं काम द्या. उदाहरणार्थ, आपल्या एका वस्तूचा फोटो आणि चार ओळींची माहिती लिहून पाठव. त्या दोन तासांचे पैसे द्या, शे-दोनशे का होईना. यादीतलं अर्धं काम 'चाचणी' म्हणून फुकट करून घेणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका. गावात आणि कॉलेजात नाव खराब व्हायला वेळ लागत नाही.

चाचणीत तीन गोष्टी बघा. सांगितलेलं केलं का? अडलं तेव्हा विचारलं का? वेळेत दिलं का? डिझाइन शिकवता येतं. विचारायची सवय लावायला वेळ लागतो.

आणि हो, हेही विचारा: लॅपटॉप आहे की फोनच? नेट कसं आहे? लाइट किती वाजता जाते? ताईंच्या इंटर्नकडे लॅपटॉप नव्हता. म्हणून काम असं निवडलं की ते फोनवर पूर्ण होईल. नेटपॅकचे पैसे मानधनाव्यतिरिक्त दिले.

४. पहिला आठवडा ओळखीचा

पहिल्या आठवड्यात कामाची घाई करू नका. व्हिडिओ कॉल करून दुकान फिरवून दाखवा. माल कुठून येतो, कसा बनतो, कोण बनवतं ते दाखवा. जमलं तर वस्तूंचं छोटं पार्सल इंटर्नच्या घरी पाठवा. जिने चटणी चाखलीच नाही, ती चटणीबद्दल काय लिहिणार?

तुमचे गिऱ्हाइकांशी झालेले दोन फोन तिला ऐकू द्या, गिऱ्हाइकाला सांगून. काउंटरच्या कोपऱ्यात उभं राहून जे दिसलं असतं, ते मुद्दाम दाखवायचं आहे.

५. रोज १५ मिनिटं, आठवड्याला अर्धा तास

रोज एक ठरलेली वेळ. सकाळी साडेनऊ म्हणजे साडेनऊ. इंटर्नने तीनच गोष्टी सांगायच्या: काल काय झालं, आज काय करणार, कुठे अडलंय. तुम्ही अडलेलं सोडवायचं. फोन शक्य नसेल तर व्हॉइस मेसेज चालेल, पण तुमचं उत्तर त्याच दिवशी गेलं पाहिजे.

शनिवारी अर्धा तास निवांत. आठवड्याचं काम समोर ठेवून बोला. आवडलं नाही तर का नाही ते सांगा. "मजा नाही आली" म्हणू नका. "भाव ठळक दिसत नाही, आपलं गिऱ्हाईक पन्नाशीचं आहे, अक्षर मोठं कर" असं म्हणा. उरलेल्या दहा मिनिटांत धंद्याच्या गप्पा मारा. तुम्ही सुरुवात कशी केली, पहिला तोटा कधी झाला, ते सांगा. हार्वर्डवाल्यांनी मोजलेल्या गप्पा त्या ह्याच.

हिशेब करा: पाच दिवस पंधरा मिनिटं आणि शनिवारचा अर्धा तास, म्हणजे आठवड्याला पावणेदोन तास. आठ आठवड्यांत १४ तास. एवढा वेळ नसेल तर इंटर्न घेऊ नका. फुकटात मिळाला तरी नको.

६. चाव्या कुणाकडे?

दुकानात नवीन माणसाला पहिल्या दिवशी गल्ल्याची चावी देत नाही ना? इथेही तसंच.

- बँकेचा किंवा यूपीआयचा ओटीपी कुणालाही नाही.
- गूगलवरच्या दुकानाच्या प्रोफाइलला इंटर्नला व्यवस्थापक म्हणून जोडता येतं. मालकी तुमच्याकडेच ठेवा आणि काम संपलं की नाव काढा.
- गूगल शीट देताना फक्त लागणारीच शीट द्या, सगळं फोल्डर नको.
- धंद्याचं व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या उपकरणावर जोडलं की सगळे चॅट त्याला दिसतात. त्यापेक्षा मजकूर आणि फोटो इंटर्नने पाठवायचे, चढवायचे तुम्ही, हे बरं.
- गिऱ्हाइकांचे नंबर हे गिऱ्हाइकांचे आहेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली कायदा झालाय. फोनचं काम द्यायचं असेल तर लागतील तेवढेच नंबर द्या आणि नंतर यादी पुसायला सांगा.

यात अविश्वास नाही. उलट काही घोटाळा झाला तर इंटर्नवर आळ येत नाही, हे तिलाही सांगा.

७. मध्यावर थांबा, शेवट नीट करा

चौथ्या आठवड्यात एकदा दोघांनी मिळून तो एक पानाचा कागद पुन्हा वाचा. १४ पैकी ७ झालेत का? नसतील तर का? काम मोठं दिलं होतं की मदत कमी पडली? गरज असेल तर काम कमी करा. १४ च्या जागी १० नीट झालेले बरे. अर्ध्या मानधनाचीही हीच वेळ.

शेवटी प्रमाणपत्र देताना "उत्तम काम केले" एवढ्यावर भागवू नका. काय केलं ते लिहा: "१४ वस्तूंचा कॅटलॉग तयार केला, २० प्रश्नांची दोन भाषांत उत्तरं लिहिली, १२० तास काम केलं." पुढच्या नोकरीला हे वाक्य उपयोगी पडतं. केलेलं काम दाखवायची परवानगीही द्या.

पैशाचं काय?

मानधन द्या. तुमच्या ऐपतीप्रमाणे, पण ठरवून आणि तारखेला. आकडा छोटा असला तरी चालेल, उधारी चालणार नाही. आणि इंटर्नकडून नोंदणी फी, ट्रेनिंग फी, अनामत असं काहीही घेऊ नका. त्या नावाखाली मुलांना लुबाडणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या रांगेत आपण नको.

तुम्ही स्वतःच इंटर्न असाल तर

आपले बरेच वाचक अजून कॉलेजात आहेत. धंदा पुढे करायचाय, आत्ता शिकायचंय. तुमच्यासाठी चार गोष्टी.

पहिलं, काम लिहून मिळालं नसेल तर तुम्हीच लिहा आणि पाठवा: "सर, मला समजलं ते असं, बरोबर आहे का?" माझ्या पहिल्या इंटर्नने असा मेसेज केला असता तर कदाचित मीही जागा झालो असतो. अर्थात ते तिचं काम नव्हतं, माझं होतं.

दुसरं, अडलं तर अर्धा तास स्वतः झटा, मग विचारा. विचारताना काय काय करून पाहिलं तेही सांगा. दोन दिवस गप्प बसू नका. समोरच्याला तुम्ही दिसत नाही, त्याला वाटतं काम चाललंय.

तिसरं, रोजच्या कामाची दोन ओळींची नोंद ठेवा. दोन महिन्यांनी तीच तुमची कमाई.

चौथं, धंदा बघा. मालक भाव कसा ठरवतो, नाही कसं म्हणतो, हे शनिवारच्या गप्पांत विचारा. नाहीतर फक्त कॅटलॉग बनवून याल.

शेवटी

सोलापूरच्या ताईंचं पुढे काय झालं? धंदा दुप्पट झाला वगैरे काही नाही. "भाव काय, किती दिवस टिकते" असे मेसेज कमी झाले आणि दुपारचा तासभर मोकळा झाला. त्या वेळात त्यांनी दोन नवीन दुकानं जोडली. इंटर्न मुलगी आता तिच्याच गावातल्या एका शेवया-पापडवाल्या बचत गटाचा कॅटलॉग बनवतेय, पैसे घेऊन.

आणि माझ्या लातूरच्या मुलीचं? तिला मी माफी मागणारा मेसेज पाठवला, आणि प्रमाणपत्रही. त्यावर "११ पोस्ट तयार केल्या" असं लिहिलं, कारण तेवढं खरं होतं. तिचं उत्तर आलं, "थँक्यू सर. पुढच्या मुलीला नीट सांगा."

तर या आठवड्याचं तुमचं काम: इंटर्न शोधायचा नाही. फक्त तो एक पानाचा कागद लिहायचा. लिहून झाला की घरातल्या अशा माणसाला वाचायला द्या ज्याला तुमच्या धंद्यातलं काही कळत नाही. त्याने विचारलं, "म्हणजे नक्की काय करायचं?", तर कागद पुन्हा लिहा. त्याला कळलं, की तुम्ही इंटर्न घ्यायला तयार झालात.

भेटू पुढच्या व्हिडिओत.